क्लिफ रिचर्डच्या मागावर दादा, वहिनी आणि मी

आधीच सांगून टाकते, फॅन मी नाही, फॅन आमचा दादा. तो गेली कित्येक वर्षं लंडनमध्ये हॅरोला राहतो, आता रिटायर झालाय आणि वेळ भरपूर. टॉवर ब्रिज, बिग बेन, ते मेणाचे पुतळे वगैरे माझं मागच्या खेपेलाच उरकलेलं, म्हणून या वेळी म्हणाला, "चल, तुला माझं लंडन दाखवतो." माझं लंडन म्हणजे काय तर क्लिफ रिचर्डचं लंडन. वहिनीने माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नवीन पोरांना नाव माहीत नसेल म्हणून थोडक्यात. ब्रिटनचा पहिला स्वतःचा म्हणावा असा रॉक अँड रोल स्टार, 1958 साली पहिलं हिट, आणि पन्नाशीच्या दशकापासून नव्वदीच्या दशकापर्यंत प्रत्येक दशकात तिथल्या चार्टवर नंबर वन. सलग पाच दशकं असं दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. वर साठीच्या सुरुवातीला सिनेमाचा हिरो. आणि जन्म कुठला? लखनौ!

शुक्रवार : चेझंट

लिव्हरपूल स्ट्रीटहून ओव्हरग्राउंड पकडली. ही गाडी हॅकनी, एडमंटन करत लंडनच्या उत्तरेला जाते आणि शेवटचं स्टेशन चेझंट, क्लिफ लहानाचा मोठा झाला ते गाव. दादाने डब्यात बसल्या बसल्या पुराण लावलं, आणि खरं सांगायचं तर ते मला सगळ्यात जास्त आवडलं.

मूळ नाव हॅरी रॉजर वेब. 14 ऑक्टोबर 1940, लखनौचं किंग जॉर्ज हॉस्पिटल. वडील रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या कंपनीत कामाला, राहायचे हजरतगंजजवळ, नंतर कलकत्त्याला बदली झाली तेव्हा हावड्याला कंपनीचा फ्लॅट, नोकरचाकर, सगळा साहेबी थाट. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये आईवडील आणि पोरं 'रांची' नावाच्या बोटीत बसली आणि साधारण तीन आठवड्यांनी टिलबरी बंदरात उतरली. तिथे कोण होतं त्यांचं? कारशॉल्टनला आजी. मग वॉल्थम क्रॉसला नातेवाइकांकडे सगळं कुटुंब एका खोलीत. हावड्याचा फ्लॅट कुठे आणि ही खोली कुठे! शाळेत पोरं 'इंडियन' म्हणून चिडवायची. गंमत बघा, इकडे हे लोक साहेब आणि तिकडे गेल्यावर इंडियन. आपल्याकडे भुसावळ, इगतपुरी, दौंडसारख्या रेल्वेच्या गावांत अशी अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, त्यातली बरीच त्याच सुमाराला अशीच निघून गेली, त्यांचं पुढे काय झालं हा विचार मी तरी कधी केला नव्हता.

एडमंटन ग्रीन आलं तसा दादा खिडकीकडे सरसावला. इथल्या रीगल थिएटरात 1957 मध्ये अमेरिकेचा रॉक अँड रोल गायक बिल हेली येणार होता, तर हॅरी आणि त्याचे मित्र शाळेला दांडी मारून तिकिटाच्या लाइनीत उभे राहिले. शाळेने त्याचा प्रीफेक्टचा बिल्ला काढून घेतला. थिएटर आता पाडलंय त्यामुळे बघायला काहीच नाही, तरी दादाने फोटो काढला. कशाचा काढला ते त्यालाच माहीत.

चेझंटच्या एक स्टेशन आधी थिओबाल्ड्स ग्रोव्हला उतरलो, कारण वॉल्थम क्रॉस तिथून जवळ. भर चौकात एक उंच कोरीव दगडी क्रॉस उभा आहे. पहिल्या एडवर्ड राजाची राणी एलिनॉर 1290 मध्ये गेली, तिची अंत्ययात्रा जिथे जिथे मुक्कामाला थांबली तिथे राजाने असे बारा क्रॉस उभारले, त्यातले तीनच उरलेत आणि हा एक. भोवती मोबाइलची दुकानं, सलून, स्वस्त कपडे. वहिनीने तिथेच एक छत्री घेतली.

मग चालत बरी ग्रीनकडे, हारग्रीव्ह्ज क्लोज नावाच्या गल्लीत. 1950 मध्ये वेब कुटुंबाला इथे कौन्सिलचं तीन बेडरूमचं घर मिळालं. साधी विटांची घरं, पुढे चिमूटभर बाग, कचऱ्याचे डबे ओळीत. त्या काळात त्यांच्याकडे फर्निचर घ्यायला पैसे नव्हते, वडिलांनी खोक्यांच्या फळ्यांपासून खुर्च्या केल्या होत्या म्हणे. वडील एनफिल्डच्या थॉर्न इलेक्ट्रिकल्समध्ये क्लार्क, आणि पोरगा सुद्धा शाळा सुटल्यावर तिथेच फायली लावायला लागला. म्हणजे गाणं जमलं नसतं तर आयुष्यभर त्यांच्या ॲटलास बल्बची बिलं फाइल केली असती. वडिलांनीच त्याला सोळाव्या वर्षी गिटार घेऊन दिली. आणि तेच वडील 1961 मध्ये गेले, म्हणजे लेकाचा मोठा काळ त्यांनी पुरता बघितलाच नाही. दादा हे सांगताना जरा गप्प झाला, मग एका घरातून कुत्रं भुंकलं आणि आम्ही पुढे सटकलो. लोक राहतात तिथे, दारात उभं राहून फोटो काढणं बरं दिसत नाही. गावात त्याच्या नावाने एक इमारत आहे, क्लिफ रिचर्ड कोर्ट, म्हाताऱ्या लोकांचे फ्लॅट. बंडखोर रॉक अँड रोल गायकाच्या नावाने वृद्धांचे फ्लॅट, मला हसू आवरेना, दादा रागावला.

परतीला हॅकनी डाउन्सला उतरून हॅकनी एम्पायर बघितलं. 1901 सालचं नाट्यगृह, लाल विटा, वर घुमट, मस्त आहे. इथून 'ओ बॉय!' नावाचा टीव्ही शो लाइव्ह जायचा, त्याचा प्रोड्युसर जॅक गुड. या माणसाने क्लिफला घडवला असं दादाचं म्हणणं. सप्टेंबर 1958 मध्ये पोरगा आला तो एल्विसची हुबेहूब नक्कल करत, लांब कल्ले, गळ्यात गिटार. गुडने सांगितलं कल्ले काप, गिटार खाली ठेव, आणि कॅमेऱ्याकडे असं रोखून बघ. झालं, पेपरवाले बोंबलायला लागले की हे असलं घरोघरच्या टीव्हीवर दाखवतात काय, पोरी बिघडतील. म्हणजे तो बंडखोरपणा पण दिग्दर्शकाने बसवून घेतलेला, नाटकातल्या एंट्रीसारखा. मला हा माणूस इथून पुढे कळायला लागला.

शनिवार : सोहो, अबी रोड, डोमिनियन

ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट, नंबर 59. आता फिश अँड चिप्सचं दुकान आहे, पण भिंतीवर हिरवी पाटी आहे की इथे 1956 ते 1970 'टू आइज कॉफी बार' होता, ब्रिटिश रॉक अँड रोलची जन्मभूमी. नाव आलं कसं, तर आधीचे मालक फ्रेडी आणि सॅमी इराणी, दोन आय म्हणून टू आइज! म्हणजे एका अर्थाने इराण्याचंच हॉटेल की हो. मी दादाला म्हटलं बन मस्का मिळतो का विचार. इराण्यांनंतर ते दोन ऑस्ट्रेलियन पैलवानांनी चालवायला घेतलं, पॉल लिंकन आणि रे हंटर, आणि धंदा चालेना म्हणून तळघरात गाणी सुरू केली. तळघर म्हणजे किती, तर माणसं एकमेकांना चिकटून उभी राहायची, हवा नाही, टोकाला दुधाच्या क्रेटवर फळी टाकल्यासारखं पिटुकलं स्टेज. आधी टॉमी स्टील इथूनच वर आला, म्हणून प्रत्येक गिटारवाला पोरगा इथे घिरट्या घालायचा.

इथेच हॅरीच्या बँडला, त्यांचं नाव तेव्हा 'ड्रिफ्टर्स', गिटारवाला इयन सॅमवेल भेटला. बाहेरगावच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला, तिथला आयोजक म्हणाला बँडच्या पुढे गायकाचं नाव पाहिजे आणि हॅरी वेब चालणार नाही. मग बसून नाव ठरवलं. क्लिफ म्हणजे कडा, दगड, आणि आडनाव अमेरिकन गायक लिटल रिचर्डवरून. शेवटचा एस मुद्दाम काढला, म्हणजे लोक रिचर्ड्स म्हणणार आणि हा प्रत्येक वेळी दुरुस्त करणार, तेवढंच नाव दोनदा कानावर पडतं. पब्लिसिटी कशाला म्हणतात बघा, 1958 सालची!

वहिनीला चालून चालून भूक लागली म्हणून त्याच दुकानात फिश अँड चिप्स घेतले. तळघरात जाऊ देता का विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने गोड हसून नाही म्हटलं.

मग सेंट जॉन्स वुड, अबी रोड. तिथे काय असणार, बीटल्सवाली गर्दी. झेब्रा क्रॉसिंगवर चौघं चौघं जण ओळीत पावलं टाकतायत, गाडीवाले हॉर्न मारतायत, स्टुडिओची पुढची भिंत नावांनी भरून गेलेली. दादा मात्र गेटपाशी उभा राहून मोठ्या आवाजात म्हणाला, "हे सगळे यायच्या चार वर्षं आधी इथे क्लिफ आला होता." एक जपानी मुलगा वळून बघायला लागला.

पण बोलला ते खरं आहे. 24 जुलै 1958, नॉरी पॅरामोर प्रोड्युसर. मुख्य गाणं 'स्कूलबॉय क्रश', अमेरिकन गाण्याची गुळगुळीत कॉपी, आणि मागच्या बाजूला भरतीचं म्हणून सॅमवेलने लिहिलेलं 'मूव्ह इट'. ते त्याने क्लिफच्या घरी रिहर्सलला जाताना बसमध्ये लिहिलं होतं. सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा स्टुडिओने बोलावलेल्या अर्नी शिअरने वाजवलाय. जॅक गुडने रेकॉर्ड ऐकली आणि म्हणाला माझ्या शोवर गायचं तर 'मूव्ह इट'च, दुसरं नाही. बाजू उलटली आणि गाणं थेट दोन नंबरला. मी हेडफोन लावून गेटपाशीच ऐकलं. दोन अडीच मिनिटांचं आहे. आवाज अजून कच्चा, पण अंगात येतं हो, सतरा वर्षांचं पोरगं होतं ते! नंतरची त्याची गोग्गोड गाणी ऐकून हा तोच माणूस वाटत नाही.

थोड्याच दिवसांत न्यूकॅसलहून आलेले हँक मार्विन आणि ब्रूस वेल्च बँडमध्ये आले. अमेरिकेत आधीच एक ड्रिफ्टर्स होते म्हणून नाव बदलून 'शॅडोज' केलं. क्लिफने हँकसाठी अमेरिकेहून लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार मागवली, ती ब्रिटनमधली पहिली. पुढे जे जे गिटारवाले झाले त्यातले कितीतरी हँकचा तो आवाज काढत काढत शिकले.

परत येताना टॉटनहॅम कोर्ट रोडला डोमिनियन थिएटरसमोर दोन मिनिटं थांबलो. 1986 मध्ये इथे क्लिफचं 'टाइम' नावाचं संगीतनाटक आलं, त्यात मोठा नट लॉरेन्स ऑलिव्हिएचा नुसता चेहरा प्रक्षेपित करून दाखवायचे. समीक्षकांनी धुतलं, लोकांनी तिकिटं काढली, क्लिफच्या बाबतीत हे कायमचंच. आणि आपल्यासाठी भारी गोष्ट अशी की त्याच नाटकाच्या अल्बमसाठी क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी गायला होता, आणि एप्रिल 1988 मध्ये चॅरिटीच्या कार्यक्रमात याच स्टेजवर त्याने त्यातली गाणी म्हटली. एक लखनौचा, दुसरा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम खायला जाणाऱ्या आपल्या किती लोकांना हे माहीत असेल देव जाणे.

रविवार : घरीच

धो धो नाही पण दिवसभर पिरपिर. दादाने 'समर हॉलिडे' लावला, वहिनीने बटाटेवडे केले. गोष्ट सांगण्यासारखी काही नाही. लंडन ट्रान्सपोर्टचे चार मेकॅनिक एक लाल डबल डेकर दुरुस्त करतात, तिचं फिरतं हॉटेल करतात आणि युरोपातून अथेन्सपर्यंत घेऊन जातात, वाटेत मुली भेटतात, एक मुलगी मुलाच्या वेषात असते, सगळे येता जाता नाचतात. पण सुरुवात भन्नाट. इंग्लंडचा समुद्रकिनारा, पाऊस, कुडकुडणारी माणसं, सगळं ब्लॅक अँड व्हाइट, आणि मग बस येते आणि पडदा रंगीत होतो. हा पिक्चर आला जानेवारी 1963 मध्ये, त्या वर्षी ब्रिटनमध्ये अशी थंडी पडली होती की नद्या गोठल्या. लोक ओव्हरकोट घालून थिएटरात बसले आणि दोन तास ग्रीसचं ऊन बघून आले, हिट नाही होणार तर काय! प्रीमियरला लेस्टर स्क्वेअरमध्ये एवढी गर्दी झाली की खुद्द हिरोला गाडीतून उतरता आलं नाही. 1962 आणि 63 अशी दोन्ही वर्षं तिकडच्या थिएटरवाल्यांनी त्याला नंबर एकचा स्टार ठरवलं, म्हणजे जेम्स बाँड येऊन सुद्धा.

ॲक्टिंग म्हणाल तर बेताची. तो कुठल्याही सीनमध्ये क्लिफ रिचर्डच असतो. पण त्याच्यात एक आहे, तो पडद्यावर असला की कुणाचं वाईट होणार नाही याची खात्री वाटते. सुरुवातीला असं नव्हतं बरं का. 1959 चा 'सीरियस चार्ज' म्हणजे वाया गेलेल्या पोरांची गोष्ट, 'एक्स्प्रेसो बाँगो' तर सोहोच्या धंदेवाईक एजंटांवरच, त्यात त्याचं काम मला जास्त बरं वाटलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे पोरगं आयांना पण आवडतं. संपला बंडखोर.

सोमवार : बोरहॅमवूड आणि रुइस्लिप

एल्स्ट्री अँड बोरहॅमवूड स्टेशन. शेनली रोडवर एल्स्ट्री स्टुडिओ आहे, बाहेरून बघायचा, आत सोडत नाहीत. 'द यंग वन्स' आणि 'समर हॉलिडे' दोन्ही इथले. बस दुरुस्तीचे सीन जवळच्याच ऑल्डनहॅमच्या खऱ्याखुऱ्या वर्कशॉपमधले, लंडनच्या हजारो बसगाड्या ओव्हरहॉलला तिथे यायच्या. ते 1986 मध्ये बंद झालं, पाडलं, आता तिथे ऑफिसं आणि गोडाउनं. दादा माहिती काढून आला होता की पिक्चरमधली बस रूटमास्टर मॉडेलची नाही, आरटी मॉडेलची. सगळे रूटमास्टर म्हणतात म्हणून त्याला फार त्रास होतो. वहिनी म्हणाली, "अहो, लाल होती ना, मग झालं."

दुपारी रुइस्लिपचा लिडो. तलाव, वाळूचा किनारा, पोरांसाठी छोटी झुकझुक गाडी. 'द यंग वन्स'मधलं पाण्यावरच्या स्कीइंगचं शूटिंग इथे झालं. त्या पिक्चरच्या नावाचं गाणं जानेवारी 1962 मध्ये बाजारात यायच्या आधीच पाच लाखांवर ऑर्डर होत्या आणि पहिल्याच आठवड्यात थेट नंबर वन. आम्ही छोट्या गाडीत बसून चक्कर मारली, आईस्क्रीम खाल्लं. पोरं चिखलात लोळत होती. फार छान दुपार गेली, क्लिफ नसता तरी गेली असती.

मंगळवार : अल्बर्ट हॉल, विम्बल्डन

अल्बर्ट हॉल धावत बघितला. 6 एप्रिल 1968, युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा, क्लिफचं 'काँग्रॅच्युलेशन्स'. स्पेन 29, ब्रिटन 28. एका मार्काने गेलं! मतमोजणीचं टेन्शन सहन होईना म्हणून तो बाथरूममध्ये कडी लावून बसला होता असं सांगतात. हरलेलं गाणं आज घरोघरी वाजतं, जिंकलेलं स्पेनबाहेर किती जणांना आठवतं?

विम्बल्डनचं म्युझियम आणि टूर महाग आहे पण सेंटर कोर्ट बघून पैसे वसूल वाटले. 3 जुलै 1996, क्वार्टर फायनलचा दिवस आणि पाऊस काही थांबेना. प्रेक्षकांत क्लिफ बसलेला, आयोजकांनी विचारलं थोडं काही बोलता का. त्याने माइक घेतला आणि ना वाद्यं ना तयारी, 'समर हॉलिडे', 'बॅचलर बॉय', 'लिव्हिंग डॉल' अशी एकामागून एक गाणी. मागे कोरसला टेनिसवाल्या मार्टिना नवरातिलोवा, व्हर्जिनिया वेड, पॅम श्रायव्हर! छत्र्या घेतलेलं अख्खं स्टेडियम गात होतं. 2009 पासून छप्पर आहे, त्यामुळे पुन्हा असं होणे नाही. इंग्रज लोक आजही या प्रसंगाची टिंगल करतात, आणि मला नेमका तोच प्रसंग आवडतो. पावसात चिडलेल्या हजारो लोकांसमोर नुसत्या गळ्यावर उभं राहायला काय लागतं ते कधी गणेशोत्सवात माइक बंद पडल्यावर गायलेल्या माणसाला विचारा.

टिंगलीचं कारण उघड आहे. ज्या 1966 मध्ये बाकीचे स्टार भलत्या नादाला लागत होते त्या वर्षी हा अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहमच्या सभेत स्टेजवर जाऊन सांगून आला की मी ख्रिश्चन धर्म मनापासून स्वीकारलाय. गाणं सोडून मास्तर व्हायच्या विचारात होता. लग्न केलं नाही, त्याच्यावरून पेपरवाल्यांनी पन्नास वर्षं चौकश्या केल्या, त्याने उत्तर दिलं नाही. 1995 मध्ये सर झाला. 2014 मध्ये पोलिसांनी घराची झडती घेतली आणि बीबीसीने ती हेलिकॉप्टरमधून दाखवली. त्याला ना अटक झाली ना त्याच्यावर आरोप ठेवला गेला, मग त्याने बीबीसीवर खटला भरला आणि 2018 मध्ये जिंकला. दादा या विषयावर अजून तापतो, ट्रेनमध्ये शेजारचे बघायला लागले म्हणून वहिनीने त्याला चिमटा काढला.

गुरुवार : डर्डल डोर

वॉटर्लूहून वूल स्टेशन, अडीच एक तास, पुढे टॅक्सी. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर समुद्रात घुसलेली चुनखडीची प्रचंड कमान. 1990 च्या 'सेव्हियर्स डे'चा व्हिडिओ इथला, ते गाणं ख्रिसमसला नंबर वन होतं. मला गाणं साखरेच्या पाकात बुडवल्यासारखं वाटतं, 1976 चं 'डेव्हिल वूमन' कुठे आणि हे कुठे! पण जागा बघून तोंड बंद होतं. उतार भयंकर आहे, खाली पायऱ्या, दादाचे गुडघे कुरकुरायला लागले. तरी खाली जाऊन कमानीकडे तोंड करून त्याने अख्खं कडवं म्हटलं. सूर लागला नाही. चार कॉलेजची पोरं टाळ्या वाजवून गेली, त्यांना गाणं माहीत असेल असं वाटत नाही.

वर चढताना दादा धापा टाकत पुढचा बेत सांगत होता. बर्मिंगहॅमला जायचं, 1973 चा 'टेक मी हाय' तिथल्या कालव्यांवर शूट झालाय, हिरो म्हणून क्लिफचा तो शेवटचा पिक्चर. गोष्ट काय आहे विचारलं. म्हणाला, क्लिफ बँकेचा माणूस असतो आणि एका हॉटेलवालीबरोबर नवीन बर्गर काढतो, ब्रमबर्गर.

"बर्गरसाठी मी बर्मिंगहॅमला येणार नाही," वहिनी म्हणाली आणि टॅक्सीवाल्याला फोन लावला.